दातुकांची मनधरणी

दातुक शाह केंचाना रुसले, की त्यांची बायको कल्सोम आधी तांदळाचा डबा उघडून बघायची. रुसायचं काम त्यांचं, पण समजूत काढायला येणाऱ्या दहा-बारा माणसांना जेवू घालायचं काम तिचं. लग्न झाल्यापासून हे खातं तिच्याकडेच होतं, आणि दातुकांची पदं बदलली तरी ते कधी बदललं नाही.

मुळात हा माणूस कुलुप सहारुद्दीन. मलेशियातल्या पेराक नदीच्या काठच्या सेंगकुआंग गावचा. गावातले जुने लोक त्याला अजून लोप म्हणतात. क्वाला कांगसार ते इपोह या बसवर तो कंडक्टर होता. चेहरा देखणा, दात सरळ, आणि केस असे की खिडकीतून वारा आला की बाया तिकीट काढायचं विसरायच्या. एका सिनेमावाल्याने त्याला बसमध्ये बघितलं आणि थेट क्वालालंपूरला नेलं. तिथं त्याचं नाव शाह केंचाना ठेवलं. शाह म्हणजे राजा, केंचाना म्हणजे सोनं. नामकरणाच्या दिवशी राजाच्या अंगावर भाड्याचा शर्ट होता.

पहिल्या सिनेमात तो नायकाचा मित्र होता. मित्राला एक गाणं होतं, ते डायरेक्टरने कापलं. दुसरा कुणी असता तर भांडला असता, नाहीतर पाया पडला असता. लोप काही न बोलता गावी आला आणि बापाच्या दुरियनच्या, म्हणजे फणसासारख्या काटेरी फळाच्या, बागेतल्या खोपीत जाऊन बसला. आमच्याकडे दुखावलेला भला माणूस आरडाओरडा करत नाही. तो बाजूला होतो आणि वाट बघतो. ज्याने दुखावलं त्याने यायचं असतं. डायरेक्टर आला, त्याच्यामागे अर्धं गाव मजा बघायला आलं. गाणं परत मिळालं, वर नायकाचं काम मिळालं, कारण मधल्या काळात नायक दुसऱ्या कंपनीत पळाला होता. पण लोपच्या डोक्यात पक्कं बसलं की हे सगळं रुसण्याने झालं. त्यानंतर अभिनय शिकायच्या भानगडीत तो पडला नाही.

पुढे आठ-दहा वर्षं देशभरातल्या बायका त्याच्यासाठी रुमाल भिजवत होत्या. प्रत्येक सिनेमात कुणीतरी त्याचं मन दुखवायचं, मग तो नदीकाठी जाऊन माडाला टेकायचा आणि गायचा. आवाज दुसऱ्याचा असायचा, माड त्याचाच. याच काळात त्याने शेजारच्या गावातल्या कल्सोमशी लग्न केलं. ती शाळेत शिवणकाम शिकवायची आणि सिनेमे बघायची नाही. नायक होता तो नायकाचा बाप झाला, बापाचा आजोबा होणार तेवढ्यात त्याने सिनेमा सोडला. मग काही दिवस तो पुरुषांच्या कमरेत ताकद आणणाऱ्या कॉफीच्या जाहिराती करत होता. त्या जाहिरातींमुळे कल्सोमला बाजारात तोंड लपवून भाजी घ्यावी लागली.

राजकारणात त्याला पक्षाने नेलं, कारण सभेला गर्दी हवी होती. स्टेजवर मागे टेप लावायचे आणि हा तोंड हलवायचा. पारित गावच्या सभेत टेप अडकली तरी याचं तोंड चालूच राहिलं, लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. एवढी माया असलेल्या माणसाला पुढच्या निवडणुकीत तिकीट मिळणार हे उघड होतं. तरी मिळायच्या आधी तो एकदा रुसलाच. राज्याच्या विधानसभेत तो तीनदा गेला. सुलतानांनी दातुक ही पदवी दिली, तेव्हापासून लोपचे दातुक झाले. एकदा तर ते मंत्रीही होते, संस्कृती आणि गोड्या पाण्यातले मासे या खात्यांचे. हे दोन विषय एका माणसाकडे का, असं कुणी विचारलं नाही. विधानसभेत नदीवरच्या पुलाबद्दल बोलताना ते रडले. सिनेमात त्यांना रडायला कांदा लागायचा, त्या दिवशी लागला नाही. पूल खरोखर झाला, हे त्यांच्या दुश्मनांनाही कबूल आहे.

बाकी वेळ ते रुसत होते. ईदच्या सोहळ्यात दुसऱ्या रांगेत बसवलं म्हणून. शेजारच्या आमदाराला गादीची खुर्ची आणि आपल्याला प्लास्टिकची दिली म्हणून. एकदा बॅनरवर त्यांचा फोटो होता तो कमरेच्या कॉफीचा होता म्हणून. दरवेळी ते राजीनामा द्यायचे, बागेत जायचे, आणि दोन-तीन दिवसांत पक्षाचे सेक्रेटरी हाजी मतनोह माणसं घेऊन यायचे. दातुक मग खोपीतून घरी येऊन बैठकीत बसायचे, कारण खोपीत एवढी माणसं मावत नव्हती.

हाजी मतनोह या कामात मुरलेला माणूस. आल्या आल्या तो विषय काढायचा नाही. आधी पाऊसपाणी, मग कुणाची मुलगी कुठं दिली, मग दुरियन यंदा कसा. दुसरा कप झाल्यावर म्हणायचा, "दातुक, तुमच्याशिवाय पक्ष पोरका झाला." दातुक म्हणायचे, "माझं आता वय झालं. तरुण माणूस बघा." हा पहिला नकार. हाजी आणखी बोलायचा. मग दातुक, "माझा कुणावर राग नाही. मनच लागत नाही." हा दुसरा. हाजी डोळे पुसायचा. तिसऱ्या वेळी दातुक काहीच बोलायचे नाहीत, छताकडे बघत बसायचे.

इथं कल्सोमचा प्रवेश होता. पडद्याआडून ती ट्रे घेऊन बाहेर यायची, कप मांडायची आणि नवऱ्याला म्हणायची, "अबांग, इतक्या लांबून आलेत ही माणसं. त्यांना रिकाम्या हाताने पाठवू नका."

दातुक मोठा सुस्कारा सोडायचे. "सोम म्हणतेय तर मग माझं काय चालणार."

झालं. सगळे हसायचे, काही जण रडायचे, आणि मग जेवणं. त्या एका वाक्यामुळे सगळ्या जिल्ह्यात असा समज पसरला होता की दातुक बायकोच्या शब्दाबाहेर नाहीत. लोक पोरांच्या नोकऱ्यांसाठी तिला भेटायला यायचे. खरं तर दातुकांच्या सगळ्या कारकिर्दीत तिला तेवढं एकच वाक्य होतं, आणि तेही हाजी मतनोहने बसवून दिलेलं. ते एकदा म्हटलं की ती परत पडद्याआड, आणि दातुक दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसून गायब. घरी येणार ते पुढच्या रुसव्याला.

गेल्या वर्षी हाजी मतनोह वारला. या वर्षी निवडणूक लागली आणि उमेदवारांच्या यादीत शाह केंचाना हे नाव नव्हतं. त्यांच्या जागी एका दंतवैद्य बाईंना तिकीट दिलं होतं. दातुकांनी नव्या जिल्हाध्यक्षाला फोनवर निरोप पाठवला, की नव्या रक्ताला वाट करून देण्यासाठी मी सगळ्या पदांवरून दूर होत आहे. मग लुंगी नेसून ते बागेत गेले.

जिल्हाध्यक्षाचं उत्तर लगेच आलं. त्यात आभार होते, आणि पिवळा अंगठा होता.

"हा अंगठा कसला?" दातुकांनी कल्सोमला विचारलं.

"ठीक आहे म्हणतोय."

"काय ठीक आहे? मी जातोय ते ठीक आहे?"

"बहुतेक."

"असं कुणी लिहितं का," दातुक म्हणाले आणि परत खोपीत गेले.

दिवस गेले, कुणी आलं नाही. दुरियनचा हंगाम होता, त्यामुळे दातुकांना निदान कारण होतं. पिकलेला दुरियन आपणहून पडतो, तो उचलायला कुणीतरी बागेत असावंच लागतं. विचारलं की सांगायचे, "राखण करतोय." पण रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला की राखणदाराची मान फणसाएवढ्या फळांकडून वळून फाटकाकडे जायची.

आणि या दिवसांत एक भलतंच झालं. दातुक घरी जेवायला लागले. कल्सोमने आंबवलेला दुरियन घालून मासळीची आमटी केली, ती त्यांनी दोनदा मागून घेतली आणि विचारलं, "ही तू कधी शिकलीस?" लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ती ही आमटी करत होती. त्यांनी स्वयंपाकघराची मोडकी पायरी दुरुस्त केली, ती अजून जास्त हलायला लागली. संध्याकाळी व्हरांड्यात बसून ते जुन्या शूटिंगच्या गोष्टी सांगायचे, कोणती नटी घोड्यावरून पडली, कोणता खलनायक खरा भित्रा होता. स्वतःच्या खऱ्या आवाजात गाऊन दाखवायचे. तो आवाज इतका वाईट होता की कल्सोमच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं. तिला हा माणूस आवडायला लागला होता, आणि या वयात तिला ती भानगड नको होती.

त्यांचे हाल तिला दिसत नव्हते असं नाही. झोपेत ते "बंधू-भगिनींनो" म्हणायचे. आरशासमोर उभं राहून केस रंगवायचे, कुणी आलं तर बरं दिसायला. त्यांना परत जायचं होतं, आणि तिला ते जायला नको होते. एवढं साधं होतं, पण हे बोलायचं कसं ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

अर्ज भरायच्या आदल्या दिवशी दुपारी फाटकापाशी गाडी थांबली. दातुक बागेतून असे आले की पळत आलो असं दिसू नये, पण धाप लागली होती. गाडीतून एर्वान हादी उतरला, नवा जिल्हाध्यक्ष. पस्तिशीही नसेल, विलायतेत शिकलेला, इस्त्रीचा शर्ट. त्याच्याबरोबर मत झाइन होता, हाजी मतनोहच्या वेळचा जुना कार्यकर्ता. एकदाचे आले म्हणून दातुकांचा चेहरा असा उजळला की कल्सोमला पडद्याआडून बघवेना.

"दातुक, थोडक्यात सांगतो," एर्वान बसताबसताच म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी माघार घेतली. उद्या अर्ज भरायचा. तिकीट तुम्हाला. पक्षश्रेष्ठींशी बोलणं झालंय."

पाऊसपाणी नाही, दुरियन नाही. मत झाइनने कपाळाला हात लावला.

दातुक गडबडले, पण सावरले. मांडीवर हात ठेवून त्यांनी खोल श्वास घेतला. "माझं आता वय झालं, बाळ. तरुण माणूस बघा."

"अच्छा," एर्वान म्हणाला. "मी समजू शकतो." आणि त्याने फोन काढला.

"दातुक तसं नाही म्हणत आहेत," मत झाइन घाईघाईने म्हणाला. "दातुक, जरा विचार करा. लोकांना तुम्ही हवे आहात."

"माझा कुणावर राग नाही," दातुक म्हणाले. आवाजात आता कंप होता, आणि तो उत्तम जमला होता. "पण मनच लागत नाही."

"राजकारणात मन हवंच," एर्वान मनापासून म्हणाला. "तुमच्यासारखं स्पष्ट बोलणारे फार कमी असतात. घ्या ना तुम्ही ही समोरची तळलेली केळी. मी नाही घेत, साखर बंद केलीय."

दातुकांनी छताकडे बघितलं.

स्वयंपाकघरात ट्रे तयार होता. तीन कप, कॉफी ओतलेली. कल्सोमने तो उचलला आणि पडद्यापाशी आली. कापडाच्या फटीतून तिला नवरा दिसत होता. छताकडे बघताबघता त्याची नजर दर दोन क्षणांनी पडद्याकडे घसरत होती. एकदा ती नजर थेट तिच्यावर आली. तिला वाक्य पाठ होतं. झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं असतं.

"कॉफीचा वास काय सुरेख येतोय," मत झाइन पडद्याच्या दिशेने मोठ्यांदा म्हणाला. "सोमताई घरातच आहेत ना?"

कल्सोम मागे सरली. तिने ट्रे ओट्यावर ठेवला. एक कपही वाजला नाही. ती तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली.

बाहेर मत झाइन दोनदा खोकला. मग एर्वानचा आवाज आला, हळुवार, आदरयुक्त. "दातुक, आम्ही तुमच्या निर्णयाचा मान राखतो. आजकाल खुर्चीला न चिकटणारा माणूस बघायला मिळत नाही." तो उठला, रिवाजाप्रमाणे खाली वाकून दातुकांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि गाडीकडे जाताजाता फोनवर बोलायला लागला, "हो, मग त्या व्यायामशाळावाल्याचंच नाव टाका." मत झाइन फाटकापर्यंत मागे वळूनवळून बघत होता.

गाडी गेली. बऱ्याच वेळाने दातुक स्वयंपाकघराच्या दारात आले. ट्रेमधले तीन कप त्यांनी बघितले.

"तू आली नाहीस."

"नाही."

"मला वाटलं, चक्कर आली की काय तुला."

"मी ठीक आहे."

"मग?"

"मुद्दामच आले नाही," कल्सोम म्हणाली.

दातुक वळले आणि स्वतःच दुरुस्त केलेल्या त्या पायरीवरून अडखळत बागेकडे निघून गेले.

ती कॉफी ओतून टाकत बसली. सुरुवातीला तिला बरं वाटलं, मग अजिबात बरं वाटेना. एखाद्याचं आयुष्यभराचं काम आपण एका जागी उभं राहून संपवलं, हे तिला आता कळत होतं. त्यांनी कधी तिच्यावर हात उगारला नव्हता, कधी वेडंवाकडं बोलले नव्हते. फक्त घरी नव्हते. तेवढ्यासाठी एवढी शिक्षा द्यायची का? आणि आता तो माणूस खरोखर रुसला होता. पहिल्यांदाच तिच्यावर. समजूत काढायला दरवेळी दहा-बारा माणसं यायची, आज तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ऊन उतरल्यावर ती हात पुसून निघाली.

दातुक खोपीत उंच बाकावर पाय वर घेऊन बसले होते. कल्सोम थेट समोरच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. विषय कसा टाळायचा हे हाजी मतनोहला येत होतं, तिला येत नव्हतं.

"घरी चला," ती म्हणाली.

"तू मला पाडलंस, सोम. एर्वानने नाही. तू."

"हो. मी पाडलं. मला तुम्ही घरी हवे होतात."

"एवढी वर्षं तर काही म्हणाली नाहीस."

"तुमची मनधरणी करणाऱ्यांच्या रांगेत माझा नंबरच कधी लागला नाही. मी स्वयंपाक करत होते."

दातुक फाटकाकडे बघत राहिले. "मी घरी राहून काय करू? माझं इथं काय आहे?"

"मी आहे."

"मन लागणार नाही."

त्यांचे सगळे नकार तिला ओळखता यायचे. पहिला, दुसरा, छताकडे बघण्याचा. कोणता खरा, कोणता खोटा, कोणता अर्धवट, ती पडद्याआडून आवाजावरून सांगू शकायची. हा मात्र तिला ओळखता येईना. ती घाबरली. आणखी काही बोलावं तर तिच्यापाशी शब्द नव्हते, होतं तेवढं बोलून झालं होतं. आता ट्रे घेऊन कुणीतरी यायला हवं होतं, आणि सगळ्या बागेत त्या दोघांखेरीज माणूस नव्हतं.

ती झाडाखाली तशीच उभी राहिली. पाय दुखत होते, पण हलावंसं वाटत नव्हतं.

"तिथं उभी राहू नकोस," दातुक थोड्या वेळाने म्हणाले. "त्या फांदीला पिकलेले आहेत. डोक्यात पडेल."

ती हलली नाही.

"सोम, काटे आहेत त्याला. गेल्या साली शेजारच्या उदाचा बैल मेला."

"मरू दे."

"बैल मेला म्हणतोय मी."

"ऐकलं."

वर फांदीत काहीतरी कुरकुरलं. लोप बाकावरून खाली उतरला. एक चप्पल सापडली, दुसरी सापडली नाही, तसाच एका अनवाणी पायाने काट्याकुट्यांतून आला आणि तिच्या कोपराला धरून तिला झाडाखालून ओढत बाहेर आणलं. "वेडी आहेस का तू? चल. चल म्हणतोय ना. पाया पडू का आता?" असं कुणाला आर्जव करायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे ते रागावल्यासारखंच येत होतं.

"कुठं चल?"

"घरी. आणखी कुठं." त्याने तळव्यातला काटा काढला. "खायला काय केलंयस?"

"काही नाही. तुम्ही येताय की नाही ते मला कुठं ठाऊक होतं."

"मग मी अंडी तळतो."

"तुम्हाला येतात?"

"सिनेमात तळली होती."

"ते हात दुसऱ्याचे होते. तुम्हीच सांगितलं होतंत परवा."

लोपने हातातला काटा फेकून दिला. मग म्हणाला, "तू शेजारी उभी राहा. आणि काय करायचं ते सांगत जा."